थाकुंगच्या आकाशातील दिवे

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. सूर्यास्ताबरोबर गुढ्या उतरल्या, पुरणपोळीचे जेवण आटोपले आणि जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून माणसे उकाड्यामुळे ओट्यांवर व गच्च्यांवर येऊन बसली. कोणी मोसंबीच्या बागेला पाणी देण्यासाठी शेताकडे निघाले होते. रात्रीचे पावणेआठ वाजण्याच्या सुमारास आकाशात अग्नीच्या लांबच लांब रेषा उमटल्या. त्या एकमेकींना धरून, एकाच दिशेने, जणू ओळीने चालल्या होत्या. उल्का पडावी आणि क्षणात विझावी, तसे झाले नाही. ते तेज बराच वेळ टिकले आणि पूर्वेकडे जाता जाता त्याचे तुकडे तुकडे झाले. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून हजारो लोकांनी ते दृश्य पाहिले. कोणी म्हणाले, विमान पेटले. कोणी म्हणाले, क्षेपणास्त्र सुटले. कोणी हात जोडले.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी या गावी, मोकळ्या जागेत धातूचे एक प्रचंड कडे येऊन पडले. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर होता. त्या परिसरात पुढे धातूचे पोकळ गोळेही सापडले. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. पोलीस व महसूल अधिकारी आले, पंचनामा झाला आणि वस्तू ताब्यात घेण्यात आल्या. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही त्यांची पाहणी केली. आकाशातील रेषांची वेळ आणि मार्ग यांचा मेळ घालून खगोलनिरीक्षकांनी निष्कर्ष काढला, की फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘लाँग मार्च ३ बी’ जातीच्या अग्निबाणाचा तो वरचा टप्पा असावा. वर्षभराहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरून तो अखेर वातावरणात शिरला आणि जळत खाली आला. अशी वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येते. उल्केपेक्षा हा वेग पुष्कळच कमी. म्हणूनच ते दृश्य इतका वेळ दिसत राहिले.

या प्रसंगी आकाशातील प्रकाशाने आपल्यामागे एक कडे ठेवले होते. हाताला लागेल असा पुरावा मिळाला, तेव्हा शोध सोपा झाला. परंतु जेव्हा प्रकाश दिसतो आणि मागे काहीच ठेवीत नाही, तेव्हा काय करावे? आणि तो प्रकाश देशाच्या सीमेवर, शेजारच्या सैन्याच्या बाजूने वर येत असेल तर?

असा प्रश्न आपल्या सैन्यापुढे २०१२ साली लडाखमध्ये उभा राहिला.

लडाखच्या पूर्व भागात पँगाँग त्सो नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. लडाखी भाषेत ‘त्सो’ म्हणजे सरोवर. समुद्रसपाटीपासून ते चार हजार दोनशे मीटरांहून अधिक उंचीवर असून त्याची लांबी सुमारे १३० किलोमीटर आहे. पण रुंदी फार थोडी, जणू डोंगरांच्या कुशीतून निळी चिंधोटी ताणून बसविली आहे. त्याचा पश्चिमेकडील सुमारे एक-तृतीयांश भाग भारताकडे असून उरलेला पूर्वेकडील भाग चीनच्या ताब्यातील तिबेटात जातो. दोहोंमधून प्रत्यक्ष नियंत्रण रेषा जाते. ही रेषा जमिनीवर कुंपण घालून आखलेली नाही; ती नेमकी कोठून जाते, याविषयीच दोन्ही देशांत मतभेद आहेत.

या सरोवराच्या दक्षिण तीरावर थाकुंग हे ठाणे आहे. तेथून दक्षिणेस चुशूलचे मैदान आणि त्यापुढे रेझांग ला ही खिंड. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी याच खिंडीत मेजर शैतानसिंह आणि कुमाऊँ रेजिमेंटच्या १३ व्या बटालियनचे त्यांचे सहकारी शेवटच्या गोळीपर्यंत लढले आणि त्यांतील बहुतेक सर्व धारातीर्थी पडले. त्या भूमीवर पहारा देणाऱ्या सैनिकाला डोळ्यात तेल घालून बसावे लागते ते का, हे यावरून समजेल. तेथे रात्री दिसलेला अनोळखी दिवा ही मनोरंजनाची गोष्ट नव्हे.

ऑगस्ट २०१२ पासून थाकुंगच्या परिसरातील सैनिकांना असे दिवे दिसू लागले. पिवळसर रंगाचा तेजस्वी गोळा पूर्वेकडील डोंगरांच्या कड्यावरून, म्हणजे चीनच्या बाजूने, वर येई. संथपणे आकाश चढत जाई आणि तीन ते पाच तासांनी दिसेनासा होई. त्याला आवाज नव्हता. तो घाईत नव्हता. रात्रीमागून रात्री तो येत राहिला. कधी असे दिवे दोन असत. वैमानिकाशिवाय उडणारी, छायाचित्रे टिपणारी टेहळणी विमाने, ज्यांना आज सर्वत्र ड्रोन म्हणतात, ती या सुमारास सैन्यांच्या वापरात वाढू लागली होती. शेजाऱ्याने असेच काही धाडले असावे, असा संशय सैनिकांना आला, यात नवल नाही.

सैनिकांनी एक उत्तम काम केले. त्यांनी प्रत्येक दर्शनाची नोंद ठेवली. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या अवधीत अशा ३२९ नोंदी झाल्या. आणि त्यांपैकी १५५ वेळा ती वस्तू नियंत्रण रेषा ओलांडून भारताच्या बाजूस आली, असेही नमूद करण्यात आले. हिवाळ्यात तेथील तापमान शून्याखाली वीस अंश आणि त्याहूनही खाली जाते; हातमोजा काढून पेन्सिल धरली तर बोटे बधिर होतात. त्या थंडीत लिहिलेल्या या ३२९ नोंदी आहेत. पुढे उलगडा झाला तो त्यांच्याच आधारे, हे विसरता कामा नये. कारण ही हकीकत सांगताना काही जण सैनिकांना हसतात.

प्रारंभी शोध यंत्रांनी घेण्यात आला. त्या वेळच्या वृत्तांनुसार सरोवराजवळच्या उंच जागी फिरते रडार नेण्यात आले, रेडिओलहरी तपासणारे उपकरणही नेले. डोळ्यांना दिवा स्वच्छ दिसत होता. रडारच्या पडद्यावर मात्र काहीच उमटेना. मग एक टेहळणी विमान त्याच्या रोखाने वर पाठविले. ते आपल्या उंचीच्या मर्यादेपर्यंत चढले, पण त्या दिव्यापर्यंत पोहोचू शकले नाही. यामुळे गूढ कमी न होता वाढलेच. जे दिसते पण रडारला सापडत नाही आणि कितीही वर गेले तरी जवळ येत नाही, असे हे आहे तरी काय?

रडार कसे चालते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या कोऱ्या पडद्याचा अर्थ लागतो. रडार रेडिओलहरी सोडते. त्या वस्तूवर आपटून परत येतात. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून वस्तूचे अंतर कळते. विहिरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनी ऐकून खोली ताडावी, तसाच हा प्रकार. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावतात. वस्तू शंभर किलोमीटरांवर असेल तर प्रतिध्वनी सेकंदाच्या पंधराशेव्या हिश्शाच्या आत परत येतो. पण वस्तू साठ कोटी किलोमीटरांवर असेल तर? लहर तेथे पोहोचण्यासच तेहतीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल, परतण्यास तितकाच, आणि परत येईल ती इतकी क्षीण असेल, की लष्कराच्या फिरत्या रडारला तिचा मागमूसही लागणार नाही. शुक्रावरून रडारचा प्रतिध्वनी मिळविण्यात शास्त्रज्ञांना १९६१ मध्ये यश आले, पण त्यासाठी प्रचंड तबकड्या वापराव्या लागल्या. कोरा पडदा ‘तेथे काही नाही’ असे सांगत नव्हता. तो ‘जवळ काही नाही’ एवढेच सांगत होता.

अशा वेळी सैन्याने बंगळूर येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे साहाय्य घेतले. ही संस्था लडाखला परकी नव्हे. सरोवराच्या दक्षिणेस हानले या गावाजवळ, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, तिची वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीला ‘हिमालयन चंद्र दुर्बीण’ म्हणतात. ‘चंद्र’ म्हणजे आकाशातील चंद्र नव्हे, तर थोर शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. ज्या निरभ्र, कोरड्या, विरळ हवेमुळे शास्त्रज्ञांनी वेधशाळेसाठी लडाख निवडले, तीच हवा थाकुंगच्या पहारेकऱ्यांच्या डोक्यावरही होती.

शास्त्रज्ञांपुढील प्रश्न अगदी साधा होता. संस्थेचे ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ तुषार प्रभू यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, या वस्तू आकाशस्थ आहेत की पृथ्वीवरच्या, एवढेच त्यांना ठरवावयाचे होते. त्या कोणाच्या, कशासाठी आल्या, हे प्रश्न नंतरचे.

हे ठरवावे कसे? त्यासाठी मोठ्या दुर्बिणीची आवश्यकता नसते. दोन कोन पुरेसे होतात. वस्तू कोणत्या दिशेस आहे, हे उत्तरेपासून मोजलेल्या अंशांत सांगतात. त्याला दिगंश म्हणतात. ती क्षितिजापासून किती वर आहे, ते उन्नतांशाने सांगतात. ठराविक वेळाने हे दोन कोन घड्याळाच्या वेळेसह लिहीत गेले, की वस्तूचा आकाशातील मार्ग कागदावर उतरतो. मग पाहावयाचे ते एवढेच, की वस्तू भोवतालच्या ताऱ्यांना सोडून पुढे जाते की त्यांच्याबरोबरच सरकते. ड्रोन असेल तर तो एका ताऱ्याजवळून दुसऱ्याकडे जाईल, थांबेल, वळेल. आकाशस्थ गोल मात्र रात्रभर आपले शेजारी सोडीत नाही. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. म्हणून सारे तारांगण, जत्रेतल्या पाळण्यासारखे, तासाला सुमारे पंधरा अंशांनी पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसते.

सैन्याच्या नोंदी ताऱ्यांच्या संदर्भात तपासल्या गेल्या आणि निर्णय झाला: त्या वस्तू आकाशस्थ होत्या. एक होता गुरू आणि दुसरा शुक्र. जुलै २०१३ मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांतून सर्वांस कळली.

आता त्या महिन्यांचे आकाश डोळ्यांपुढे आणले, तर एकेक गाठ सुटत जाते. ६ जून २०१२ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून जाताना दिसला होता. त्यानंतर तो पहाटेच्या आकाशात आला. १५ ऑगस्ट २०१२ रोजी तो सूर्यापासून जास्तीत जास्त दूर दिसला. म्हणजे सूर्योदयाच्या कितीतरी आधी, तीन-साडेतीन तास, तो पूर्वेस उगवत होता आणि उजाडताच मावळल्याप्रमाणे दिसेनासा होत होता. दिवा तीन-चार तासांनी नाहीसा होतो, ही सैनिकांची नोंद अचूकच होती. गुरू त्या वर्षी वृषभ राशीत, रोहिणी नक्षत्राच्या तांबूस ताऱ्याच्या आसपास होता. प्रत्येक ताऱ्याप्रमाणे तोही रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवे. ऑगस्टात मध्यरात्रीनंतर येणारा हा पाहुणा हळूहळू लवकर येऊ लागला आणि ३ डिसेंबर २०१२ रोजी तो सूर्याच्या नेमका समोर आला, म्हणजे सूर्य मावळताच पूर्वेस हजर! त्या दिवसांत तो पृथ्वीपासून सुमारे ६१ कोटी किलोमीटर दूर होता.

आणि थाकुंगच्या पूर्वेस काय आहे? तिबेट. तेथे जे जे उगवेल, ते चीनच्या बाजूनेच उगवणार. सूर्यही रोज तिकडूनच येतो. पण त्याच्यावर घुसखोरीचा आरोप कोणी केला नाही, कारण त्याला सारे ओळखतात.

असे असूनही इतक्या सावध माणसांना शुक्र कसा ओळखता आला नाही, हा प्रश्न उरतो. जालन्याच्या शेतातील वृद्ध शेतकरी तर शुक्राची चांदणी पाहून पहाटेची वेळ सांगत असे. याचे उत्तर काहीसे जागेत आहे आणि काहीसे मनात. सपाट माळावर ग्रह उगवतो तेव्हा क्षितिजावरील धुळीतून तो प्रथम मंद दिसतो आणि हळूहळू उजळतो. डोंगराळ मुलखात तो कड्याआड दडलेला असतो आणि तेज वाढल्यावर एकाएकी, कोणी कंदील पेटवून धरावा तसा, प्रकटतो. उंचावरील विरळ हवेमुळे तो सवयीपेक्षा अधिक प्रखर भासतो. काळोखात एकाकी प्रकाशबिंदूकडे टक लावून पाहिले, तर तो स्थिर असूनही हलल्यासारखा वाटतो. हा डोळ्यांचा धर्म आहे, भित्रेपणा नव्हे. त्यातच मनाला ड्रोनची धास्ती असली, की डोळे तेच शोधतात. एप्रिल २०१३ मध्ये याच लडाखमध्ये, देपसांगच्या पठारावर, चिनी सैनिकांनी खरोखरच तंबू ठोकले आणि सुमारे तीन आठवडे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. म्हणजे धास्ती अगदीच निराधार होती, असे नव्हे. फक्त आकाशातील त्या दिव्यांचा तिच्याशी संबंध नव्हता.

अशी चूक केवळ आपल्याकडेच झाली असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर शत्रूची विमाने आली, अशी एका रात्री आवई उठली आणि विमानवेधी तोफांनी चौदाशेहून अधिक गोळे आकाशात फेकले. शत्रूचे एकही विमान पडले नाही, कारण ते तेथे नव्हतेच. त्या गोंधळात काही नागरिक मात्र प्राणांस मुकले. हवामानाचा फुगा पाहून ही धांदल उडाली असावी, असे पुढे इतिहासकारांनी म्हटले. अमेरिकेच्या हवाईदलाने नंतर अनोळखी प्रकाशांच्या नोंदी तपासण्यासाठी एक स्वतंत्र शाखाच चालविली. १९६९ मध्ये ती बंद झाली, तोवर १२,६१८ नोंदी जमल्या होत्या. बहुतेकांचा उलगडा ग्रह, तारे, फुगे, विमाने, ढग असाच झाला. ७०१ नोंदींचा उलगडा होऊ शकला नाही आणि त्या तशाच ‘अनोळखी’ म्हणून ठेवण्यात आल्या. उत्तर सापडले नाही तेथे ओढूनताणून उत्तर लिहिले नाही, हे त्या दफ्तराचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

जालना जिल्ह्यालाही पुढे असाच एक अनुभव आला. २०२४ च्या पावसाळ्याच्या आरंभी जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या भागांतील गावांवरून रात्री ड्रोन घिरट्या घालीत असल्याच्या वार्ता पसरल्या. चोर वरून घरे हेरतात, अशी कुजबुज सुरू झाली. तरुण काठ्या घेऊन रात्ररात्र जागू लागले, पोलिसांची गस्त वाढली, विधिमंडळातही प्रश्न विचारला गेला. आता ड्रोन ही कल्पनेतील वस्तू राहिलेली नाही; लग्नाच्या मांडवावर आणि कपाशीवर औषध फवारताना ती दिवसाढवळ्या दिसते. त्यामुळे प्रत्येक दिवा ग्रहच, असे म्हणून स्वस्थ झोपता येत नाही आणि प्रत्येक दिवा चोरच, असे म्हणून धावतही सुटता येत नाही.

अशा वेळी थाकुंगचीच रीत खेड्यातही चालण्यासारखी आहे. समजा, अंबडच्या एका मुलाला रात्री दक्षिणेस, क्षितिजापासून निम्म्या उंचीवर एक दिवा दिसला. त्याने तत्काळ भोकरदनच्या मावसभावाला दूरध्वनी केला. दिवा दोन-तीनशे मीटर उंचीवरील ड्रोनचा असेल, तर इतक्या दूरच्या भोकरदनला तो दिसणारच नाही. परंतु त्यालाही तो त्याच दिशेस, त्याच उंचीवर दिसला, तर तो पृथ्वीपासून फार फार दूर आहे, हे दोघांनाही अंथरुणावर बसल्या जागी कळेल. कारण ताऱ्यांच्या बाबतीत अंबड आणि भोकरदन यांच्यात एका अंशाचाही फरक पडत नाही. अर्ध्या तासाने दोघांनी पुन्हा पाहावे. दिवा सात-आठ अंश पश्चिमेकडे सरकलेला असेल आणि त्याच्या शेजारच्या चांदण्याही तितक्याच सरकलेल्या असतील.

अभ्यास

१. लाडबोरी येथे पडलेल्या वस्तूचा शोध थाकुंगच्या दिव्यांहून सोपा का ठरला?
२. ‘कोरा पडदा “जवळ काही नाही” एवढेच सांगत होता.’ या वाक्याचे स्पष्टीकरण तुमच्या शब्दांत करा.
३. सैनिकांनी लिहिलेली १५५ ‘उल्लंघने’ खोटी होती की त्यांचा अर्थ चुकीचा लावला गेला? सकारण लिहा.
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: डोळ्यात तेल घालणे, मागमूस न लागणे, आवई उठणे, धारातीर्थी पडणे.
५. हात सरळ लांब धरून मूठ मिटली, तर मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. या मापाने एखाद्या तेजस्वी ग्रहाची क्षितिजापासूनची उंची दर अर्ध्या तासाने, असे चार वेळा मोजा. प्रत्येक वेळी जवळच्या ताऱ्यापासूनचे त्याचे अंतरही मोजा आणि वेळेसह वहीत नोंद करा.